आधी विकायचं की आधी घ्यायचं? गोरेगाव ते मुलुंड

मुंबईत राहतं घर विकून मोठं घर घ्यायला निघालं की हा प्रश्न येतोच, आणि प्रत्येक नातेवाईक त्याचं उत्तर ठामपणे देतो. आधी विकलं तर राहायचं कुठे? आधी घेतलं तर पैसे आणायचे कुठून? गोरेगाव पूर्वेचा वन बीएचके विकून मुलुंड पूर्वेला टू बीएचके घेतल्यावर माझं मत पक्कं झालंय. दोन्ही व्यवहार बरोबरीने चालवायचे आणि दोन्ही अ‍ॅग्रीमेंटमधल्या तारखा एकाच वकिलाकडून बसवून घ्यायच्या. भावाची घासाघीस दोन बैठकांत संपते. पुढचे सगळे महिने तारखांचे असतात.

गोरेगावचं घर मी लग्नाआधी, 2011 साली, एकटीच्या नावावर घेतलं होतं. त्यावर कर्ज शिल्लक होतं, म्हणजे मूळ कागद बँकेत. ज्या जोडप्याने ते घेतलं, तेही कर्ज काढूनच घेणार होते. त्यामुळे पैशाचा क्रम ठरलेला होता. त्यांची बँक आधी माझं कर्ज फेडणार, माझी बँक कागद सोडणार, ते त्यांच्या बँकेच्या हाती पडले की उरलेली रक्कम मला मिळणार आणि तीच मी मुलुंडचं घर विकणाऱ्या काकांना देणार. यातली एक कडी अडकली की तीन घरं अडकतात, कारण काका पुण्याला मुलाजवळ घर घेत होते आणि तिकडच्या बिल्डरला हप्ता द्यायचा होता. ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "ताई, महिनाभर पुढे-मागे झालं तरी मी सांभाळून घेईन, पण जे ठरेल ते लिहून द्या." वकीलबाईंनी मग मुलुंडच्या करारात शेवटच्या रकमेची मुदत गोरेगावच्या मुदतीच्या पुढे पंचेचाळीस दिवस ठेवली. या एका कलमाने आमची झोप वाचवली.

कारण कडी अडकलीच. कर्ज फिटल्यावर शाखेत सांगितलं, कागद मध्यवर्ती गोदामातून येतात, दीड-दोन महिने धरा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तो कर्जदाराला माहीत असायलाच हवा: 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. मी हे अर्जात लिहिलं, पोच घेतली, आणि एक प्रत तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पाठवली. कागद मुदतीत आले. तोंडी विनंत्यांवर ते आले असते असं मला वाटत नाही.

मुलुंडच्या कागदांत वेगळीच गोष्ट निघाली. इमारत 1983 सालची, आणि फ्लॅटचा पहिला करार पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणीशिवाय. आम्हाला नवं कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांनी लगेच आक्षेप घेतला. आमच्या वकीलबाईंनी समजावलं की फ्लॅटच्या करारांवर पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं ते 10 डिसेंबर 1985 पासून. त्याआधीचे करार असेच असायचे. त्यानंतरच्या प्रत्येक कराराला मात्र शुल्क भरलेलं आणि नोंदणी झालेली असायला हवी. काकांनी स्वतःचा 1996 चा करार, त्याची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) एका पिशवीत जपून ठेवलं होतं. जुनी माणसं कागद जपतात त्याची किंमत तेव्हा कळली. तरीही आम्ही एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात 14 दिवसांची जाहीर नोटीस दिली. भोगवटा प्रमाणपत्र पाहिलं. मालमत्ता पत्रकावर, म्हणजे जमीन कुणाची याच्या सरकारी नोंदीत, जमीन सोसायटीच्या नावावर चढली आहे का, तेही पाहिलं, कारण उद्या पुनर्विकास निघाला तर त्यावरच सगळं अवलंबून असतं.

पैशांचं गणित आधीच मांडून ठेवलं होतं. किंमत एक कोटी साठ लाख. 75 लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी त्या किमतीत धरत नाही. तो सगळा खर्च खिशातून. मुंबईत शुल्क 6 टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 5. नवऱ्याचं नाव जोडलं असतं तर ही सवलत गेली असती, म्हणून तो कर्जात सहकर्जदार झाला आणि घर माझ्या नावावर राहिलं. एक लाख साठ हजार वाचले. शिवाय जुनं घरही माझ्याच नावावर असल्याने विक्रीचा भांडवली नफा आयकराच्या कलम 54 खाली (घर विकून घर घेतलं तर मिळणारी करसवलत) सरळ नव्या घरात धरला गेला. नोंदणी शुल्क 30,000 च्या वर जात नाही. काकांना द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापून आपणच भरायचा असतो. किंमत 50 लाख किंवा जास्त असली की तो लागतोच.

सोसायटीने "इमारत निधी" म्हणून मोठी रक्कम सुचवली. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त 25,000 रुपये, हे 9 ऑगस्ट 2001 च्या शासकीय परिपत्रकात आहे. त्याची प्रत सेक्रेटरींना दिली. शांतपणे दिली, कारण पुढे त्यांच्याच शेजारी राहायचं होतं. विषय तिथेच मिटला.

मग काम. आम्ही तेवढे दिवस ठाण्याला आईकडे राहिलो. ठेकेदाराने पहिल्या दिवशी हॉलच्या फॉल्स सीलिंगची चित्रं दाखवली. मी त्याला बाथरूममध्ये नेलं. चाळीस वर्षांच्या इमारतीत खरा खर्च तिथे असतो. लाद्या उखडल्या तर खाली गंजलेले जीआयचे (लोखंडी) पाइप आणि न्हाणी ट्रॅपभोवती, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवती, ओल. सगळं स्लॅबपर्यंत खरवडलं, सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप टाकले, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंगवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केला, आणि लादी लावण्याआधी तीन दिवस पाणी भरून ठेवलं. मिस्त्री म्हणत होता एक रात्र पुरे. खालच्या काकूंना रोज छत बघायला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून "कोरडं आहे गं" सांगितलं, तेव्हा लादी आत आली. किचन आणि हॉलमधली भिंत काढायची होती, पण आरसीसी सल्लागाराने तपासून लेखी दिल्यावरच हातोडा लागला. बीम आणि कॉलमला कुणालाही हात लावू देऊ नका, ठेकेदार कितीही म्हणाला तरी. राबिट (तोडफोडीचा मलबा) गोण्यांत भरून रोजच्या रोज खाली नेलं, दुपारी दोन ते चार आवाज बंद. वायरिंग पूर्ण तांब्याचं केलं आणि दोन एसीसाठी महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज दिला. मुलुंडला वीज महावितरणची, गोरेगावला आमची अदानीची होती, त्यामुळे इथली पद्धत नव्याने समजून घ्यावी लागली.

फॉल्स सीलिंग केलं नाही. बेडरूमचे वॉर्डरोब पुढच्या वर्षी, बोनस आला की.