कोरा रोल

भरदुपारी भाचीचा फोन. "मावशी, रोल अख्खा कोरा निघाला गं. डेव्हलपर मेला असणार." डेव्हलपर म्हणजे फिल्मवर चित्र वर आणणारं रसायन. पुण्यातल्या मे महिन्यात न्हाणीघरात कॅमेऱ्याचा रोल धुणाऱ्याला हा संशय यायचाच. डब्यावरची वेळ २० अंशांची, नळाचं पाणी तिशीच्या घरात. २० अंशांना दहा मिनिटं लागणारा रोल २४ ला सातात होतो, तिशीचं बोलायलाच नको. पण उकाड्यानं रोल काळवंडेल, कोरा कसा राहील?

मी विचारलं, "कडेचे आकडे दिसतायत का?"

नाना आधी कडच बघायचे. फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच उजेडानं उमटवलेले असतात, डेव्हलपरनं ते फक्त वर आणायचे. तेही गायब असतील तर डेव्हलपर गेलेला, नाहीतर घाईत आधी हायपो ओतलेला, म्हणजे उरलेली चांदी धुऊन काढणारं नंतरचं रसायन. आकडे काळेभोर आणि मधे फिल्म काचेसारखी नितळ, तर रसायनाला बोल लावू नये. फिल्म दुधाळ दिसली तर पुन्हा हायपोत बुडवायची, तो दोष सुधारतो. बाकीचे सुधारत नाहीत.

नानांकडे रोल धुवायची उजेडबंद टाकी नव्हती. जेवणं उरकली की मोरीच्या दाराला गोधडी लागायची, आणि आत नाना मिट्ट काळोखात १२० चा, म्हणजे रुंद फिल्मचा, रोल दोन्ही टोकांना धरून एनॅमलच्या ट्रेमधून वरखाली झुलवायचे. घड्याळ दिसायचं नाही, म्हणून पाढे म्हणायचे. एकोणतीसच्या पाढ्याला हमखास अडखळायचे आणि बाहेरून आई, खरकट्या भांड्यांपाशी ताटकळलेली, तो पुरा करायची. नानांची निगेटिव्ह जरा गडदच असत, ती त्यामुळे असावीत.

(सिनेमात लाल दिव्याखाली रोल धुणारा नायक दिसला की माझा पुढच्या गोष्टीवर विश्वासच बसत नाही. लाल दिवा कागदाला चालतो. हल्लीच्या फिल्मला लालही दिसतो.)

"आकडे दिसतायत," भाची म्हणाली. "अगदी ठळक."

म्हणजे फिल्मची जीभ, तिचं पुढचं टोक, कॅमेऱ्यातल्या स्पूलमधून निसटलेली. काउंटर बिचारा छत्तीसपर्यंत इमानेइतबारे सरकला, शटरही वाजत राहिलं, रोल जागचा हलला नाही. पुढच्या वेळी लिव्हर ओढताना रिवाइंडची खुंटी फिरते का ते बघ, म्हटलं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "हायपो ओतून देऊ?"

"थांब. फोटो आला की थोडी चांदी फिल्मवर राहते. कोऱ्या रोलची सगळी हायपोत उतरते. मोरीत ओतू नकोस."

"सगळी? मग विकता येईल?"

"एका रोलची? रिक्षाभाडंही सुटायचं नाही."

"मग ठेवून काय करू?"

आता ते मला काय माहीत! नाना बाटल्या भरून माळ्यावर ठेवायचे.