डल्सीचा जमाखर्च

रविवार, रात्री

जेवणं आटोपल्यावर अमेरिकन कथालेखक ओ. हेन्रीचा 'द फोर मिलियन' (म्हणजे चाळीस लाख) पुन्हा काढला. १९०६ चा संग्रह. न्यूयॉर्कमध्ये दखल घेण्याजोगी माणसं काय ती चारशेच, असं तेव्हा बड्या लोकांत म्हणत. हा म्हणाला, जनगणनावाला शहाणा, तो चाळीस लाख मोजतो. मी त्यांच्याच गोष्टी सांगणार. म्हणजे पुस्तकाच्या नावातच चिमटा.

यातली 'द गिफ्ट ऑफ द मेजाय' सगळ्यांना ठाऊक. नवऱ्याच्या, म्हणजे जिमच्या घड्याळाला साखळी घ्यायला डेला आपले केस विकते, तिच्या केसांच्या फण्यांसाठी तो घड्याळ विकतो, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. आज मात्र पेन्सिल घेऊन नुसते आकडे टिपत गेले. डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट. जिमचा पगार आठवड्याला ३० डॉलरवरून २० वर आलेला. घरभाडं आठवड्याला ८. केसांचे आले २०, म्हणजे नवऱ्याचा बरोब्बर आठवड्याचा पगार. साखळी २१ ची, आणि परतताना हातात ८७ सेंट. हिशेब चोख जुळतो. ही गोष्ट वाचून आपल्याला बरं वाटतं त्याचं हेही एक कारण असावं.

मग त्याच पुस्तकातली 'ॲन अनफिनिश्ड स्टोरी'. डल्सी मोठ्या दुकानात विक्रेती, पगार आठवड्याला ६ डॉलर. डेलाच्या नुसत्या भाड्याहून कमी! ज्या बाईसाठी आपण हळहळतो, तिचं घर या मुलीला परवडलंच नसतं.

डल्सीचा खर्च लेखक वाण्याच्या वहीसारखा मांडतो. खोलीचे २ डॉलर. न्याहारी रोजची १० सेंट. कपडे घालता घालता गॅसच्या दिव्यावर कॉफी उकळायची, अंडं शिजवायचं. दुपारचं जेवण आठवड्याला ६० सेंट, रात्रीचं १ डॉलर ५ सेंट. थोडी वर्तमानपत्रं. रविवारी सकाळी मात्र हॉटेलात २५ सेंटची चैन, आणि वाढणारीला वर १० सेंट टीप. एका न्याहारीचे पैसे टीप म्हणून! मला ही मुलगी इथेच आवडायला लागली. बेरीज ४ डॉलर ७६. आता कपडेलत्ते… आणि इथे लेखक चक्क हात टेकतो, हिशेब तसाच सोडून देतो.

हा माणूस एके काळी ऑस्टिनच्या बँकेत खातेवह्या सांभाळायचा. तिथल्याच अफरातफरीच्या खटल्यात १८९८ ते १९०१ ओहायोच्या तुरुंगात होता. बेरीज न जुळण्याची किंमत त्याला चांगलीच माहीत होती. डल्सीची बेरीज त्याने जाणूनबुजून अर्धवट ठेवली, असं मला वाटतं.

एका संध्याकाळी पिगी नावाचा इसम तिला जेवायला नेणार असतो. दुकानातल्या मुलीकडे बघून, हिने पोटभर शेवटचं कधी खाल्लं ते तो तासाच्या हिशेबात सांगू शकतो. (एवढ्या एका वाक्यात माणूस उभा!) डल्सी जवळचे ५० सेंट नकली लेसच्या कॉलरवर उडवते. त्यात रात्रीचं जेवण होतं, उद्याची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं, शिलकीत टाकायचे १० होते, ५ च्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या होत्या. पण टेबलावर ब्रिटिश सेनापती जनरल किचनरची तसबीर. त्याच्याकडे बघून तिचा धीर सुटतो, ती निरोप धाडते की बरं नाही, आणि बिस्किटं-जॅम खाऊन झोपते. आज नाही गेली. पुढे कधीतरी जाईल, हे लेखक लपवत नाही.

शेवटी लेखक सुरुवातीला अर्धवट सोडलेलं स्वप्न पुरं करतो. मेल्यानंतरचा न्यायनिवाडा. काही सुखवस्तू आत्मे उभे. तू यांच्यातला का, असं त्याला विचारतात. हे कोण? तर मुलींना कामावर ठेवून आठवड्याला पाच-सहा डॉलर देणारे. छे, तो म्हणतो, मी आपला अनाथाश्रमाला आग लावणारा आणि चार पैशांसाठी आंधळ्याचा खून करणारा.

जरा भडकच आहे हे, पूर्वीही वाटायचं. पण आज लक्षात आलं, सगळ्या गोष्टीत पिगी दिसतो, घरमालकीण दिसते, खोलीतल्या तसबिरीसुद्धा दिसतात. सहा डॉलर देणारा मालक मात्र तोवर कुठेच ओळखू येत नाही.