आमची वाटचाल : तीन शीटची होडी

"प्लायची होडी? म्हंजे पुठ्ठाच की." आम्ही सांगली भागात प्लायवुडच्या होड्या बांधतो, आणि हे वाक्य मी 2016 पासून तीन वर्षं ऐकलं. सांगलवाडीत ऐकलं, हरिपुरात ऐकलं, माझ्याच शेडच्या दारात उभं राहून चहा पिणाऱ्यांकडूनही ऐकलं. ज्यांनी पुठ्ठा विकला ते दुसऱ्या धंद्यात गेले आणि नाव आमचं खराब झालं. वाटचाल लिहायची तर हे आधी लिहिलं पाहिजे.

आम्ही मूळचे फर्निचरवाले. कपाटं, किचन ट्रॉल्या, दुकानांचे काउंटर. 2005 चा पूर आला तेव्हा हरिपुरात जमिनीखालची हळदीची पेवं बुडाली. नदीकाठी ज्यांच्या पाण्याच्या मोटारी होत्या त्यांचं काय झालं ते तर विचारूच नका. पाणी चढायला लागलं की मोटार सोडवून वर ओढायची असते, आणि तिथवर जायला होडी नसते. मोठी लाकडी नाव गावात एखादीच, ती माणसं काढण्यात गुंतलेली. मग कुणी गुळाची काहील पाण्यात सोडतो, कुणी ट्यूब. काहिलीत बसून नदीत गेलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. ती गरागरा फिरते, तिला दिशा अशी नसतेच.

माझा मामेभाऊ मुंबईत शिडाच्या लहान होड्या दुरुस्त करायचा. त्यानं मला शिवण-चिकट पद्धत दाखवली. सांगाडा नाही, साचा नाही. प्लायचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे, आणि सांध्यात आतून इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग कालवून होणाऱ्या गोंदाचा, लगदा भरून वर काचेच्या धाग्यांची पट्टी बसवायची. इंग्लंडात 1963 साली 'मिरर' नावाची होडी याच पद्धतीनं निघाली आणि लोकांनी ती घराघरात बांधली. सत्तर हजारांवर होड्या झाल्या म्हणतात. ज्याला कपाट जमतं त्याला ही जमते, एवढंच मला कळलं आणि पुरेसं होतं.

पहिली होडी 2006 च्या उन्हाळ्यात घरासमोरच्या अंगणात बांधली. सहा एमएमच्या तीन शीट, 12 फूट लांबी, सपाट बूड. तीन माणसं, नाहीतर दोन माणसं आणि एक मोटार. साहित्याला साडेसात हजार लागले. तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तुकड्यांत वजनावर घेतली. क्लॅम्प विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून शेतातल्या तीन इंची पीव्हीसी पाइपचे दोन-दोन इंचांचे वेढे कापले आणि प्रत्येक वेढा एका बाजूला चिरला. फाकवून कडेच्या पट्टीवर बसवला की घट्ट धरतो. असे साठेक वेढे तेव्हा केले होते, त्यातले निम्मे आजही खिळ्याला टांगलेत. इपॉक्सीत मिसळायला लाकडाची पूड लागते, ती सॅंडरच्या, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनच्या, पिशवीतली, घरच्या मैद्याच्या चाळणीतून चाळलेली. चाळण बायकोनं परत घेतली नाही.

ती होडी घेतली तात्यांनी. तात्या कसबे डिग्रजचे, ऊस आणि हळद, मोटार नदीवर. अंगणात आले, होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बुडावर बुक्की मारली आणि म्हणाले, "हे पाण्यात विरघळंल व्हय रं?" मी म्हटलं, तात्या, हिचाच तुकडा कालपासून चुलीवर उकळतोय, बघा. पातेल्यातून काढून दिला. त्यांनी खिशातला चाकू थरात घालून बघितला, थर सुटला नाही. पैसे तिथंच मोजले.

ती परीक्षा आजही कुणी करू शकतो, आणि करावी. प्लाय घेताना शिक्क्यावरचा आकडा वाचा. 303 म्हणजे घरातलं फर्निचर. 710 म्हणजे मरीन. 710 च्या मानकात तुकडा 72 तास उकळून बघतात. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे साहेब" म्हणाला तरी दोन इंचांचे चार तुकडे मागून घ्या, दिवसभर उकळा, वाळवा आणि चाकू घाला. कापलेल्या कडेकडंही बघा. आतल्या थरात पोकळी दिसली तर ती शीट होडीला नको. पाणी आत शिरलं की त्या पोकळीत राहतं आणि बाहेरून काही कळत नाही.

आणखी एक सांगतो. आठ फुटांच्या शीटची बारा फुटी होडी करताना जोड द्यावा लागतो, कडा उतरत्या करून एकमेकींवर चिकटवायच्या. जाडीच्या आठपट उतार, म्हणजे सहा एमएमला 48 एमएम. दोन शीट पायरीसारख्या एकावर एक ठेवायच्या आणि दोन्हींच्या कडा एकदम रंध्यानं उतरवायच्या. उतार व्हायला लागला की प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, एक फिका, एक गडद. पट्ट्या सरळ असल्या तर उतार सरळ. कुठं पट्टी वाकडी झाली तर रंधा तिथं जास्त बसला. मोजपट्टी लावायची गरज पडत नाही. मशीननं हे काम लवकर होतं, पण मी अजून वडिलांच्या रंध्यानंच करतो. त्याचं पातं इतकं झिजलंय की आता जेमतेम दोन बोटं उरलंय. पोरांना तो हातात घेऊ देत नाही.

2007 ते 2014 काम चालत राहिलं. वर्षाला दहा-बारा होड्या. मासेमारीवाले, मोटारवाले, तळ्यात खाद्य टाकणारे. शेड झालं, दोन कारागीर आले.

2015 साली एका संस्थेकडून 12 होड्यांची विचारणा आली. नाव लिहीत नाही. नमुना बघून गेले, हात मिळवला, "कामाला लागा" म्हणाले. मी लागलो. 36 शीट आणि इपॉक्सीचं पिंप आणलं. पतसंस्थेचं कर्ज काढलं, कमी पडलं तेव्हा बायकोच्या पाटल्या ठेवल्या. कागदावर काही घेतलं नाही. ती चूक माझी.

महिन्याभरात कळलं की काम दुसऱ्याला गेलं. आमच्याच भागातला कारखाना, भाव आमच्या निम्म्याला. मी त्यांची पहिली होडी घाटावर बघितली. निळीशार, आरशासारखी चकचकीत. कड खरवडली आणि समजलं. आत 303, वरून पॉलिएस्टर रेझिनचा थर. पॉलिएस्टर फायबरच्या टाकीला चांगलं, लाकडाला ते धरत नाही. वल्ह्याच्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं, बाहेर पडायला वाट नसते. वरून चकाकी तशीच आणि आत लाकूड भिजत पडलेलं. मी त्या संस्थेत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तुमचं काम गेलं म्हणून बोलताय.

दुसऱ्या पावसाळ्यात एका होडीच्या बुडातून माणसाचा पाय गेला. काठाजवळ होता म्हणून वाचला. मग एकेक करून सगळ्या होड्या काठावर उलट्या पडल्या. आणि लोक काय म्हणाले? त्या कारखान्याचं नाव कुणी घेतलं नाही. "प्लायच्या होड्या अशाच." 2017 साली आमच्याकडून एकच होडी गेली. एक कारागीर इचलकरंजीला निघून गेला. मी त्याला थांब म्हणू शकलो नाही, दोन महिन्यांचा पगार द्यायचा होता. आणलेल्या 36 शीटपैकी 22 भिंतीला तशाच उभ्या.

या काळात तात्या दर वर्षी दिवाळीनंतर होडी ट्रॉलीत घालून आणायचे. पालथी घालायची, सांधे बघायचे, रंग द्यायचा. होडीला काही झालेलं नसायचं. तरी ते पैसे द्यायचे. शेडमध्ये गर्दी असेल तेव्हा मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "अकरावं वर्ष हाय हिचं, बघा की बुक्की मारून." हे उपकार मी विसरणार नाही.

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, पाणी गेलं 57 फुटांच्या वर. आमचं शेड पत्र्यापर्यंत बुडालं. आम्ही घराच्या वरच्या मजल्यावर होतो, जिना पाण्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीखाली आवाज आला, "हाय का रं वर?" तात्यांचा पोरगा आणि पुतण्या, त्याच होडीत. आईनं आधी देवाचे टाक खाली दिले, मग रंधा दिला, मग स्वतः उतरली. रंधा ती कधी शेडमधून घरी घेऊन आली होती ते मलाही माहीत नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी मी अंगणात शिवलेल्या सांध्यावर पाय ठेवून ती बसली.

त्याच दिवसांत, 8 तारखेला, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यानंतर आमच्या प्रत्येक होडीवर आतून आणि बाहेरून माणसांचा आकडा ठळक रंगवलेला असतो. आकडा नको म्हणणाऱ्याला होडी देत नाही. दोन्ही टोकांना बंद पेट्याही सक्तीच्या केल्या. एक घनफूट हवा 28 किलो उचलते, होडी पाण्यानं भरली तरी धरून राहायला आधार मिळतो.

पाणी ओसरल्यावर शेड उघडलं. कपाटांसाठी आणलेलं 303 वहीसारखं फुगून सुटलं होतं. त्याच गाळात त्या 22 शीट आडव्या पडलेल्या. धुतल्या, सावलीत पट्ट्या लावून महिनाभर वाळवल्या. प्रत्येकीचा कोपरा कापून उकळला. एकीचाही थर सुटला नाही. त्यांच्यातून सात होड्या झाल्या आणि सातही 2021 च्या पुराआधी विकल्या गेल्या. पाटल्या त्याच वर्षी सोडवून आणल्या.

आता ज्याला स्वतः बांधायचीय त्याला आम्ही कापलेले तुकडे, तार आणि मोजलेलं इपॉक्सी देतो. त्यांना एवढंच सांगतो की काटकसर आकारात करा, बाक कमी करा, रंग साधा द्या, पण प्लाय आणि गोंदात करू नका. इपॉक्सी डोळ्याच्या अंदाजानं ओतू नका, वजनकाट्यावर मोजा. एकदम जास्त कालवलं तर मगात तापून धूर येतो आणि सगळं वाया जातं. पावसाळी हवेत वर तेलकट साय धरते, ती साध्या पाण्यानं धुऊन मगच पुढचा हात द्या. डिसेंबरच्या थंडीत ते लवकर घट्ट होत नाही, म्हणून होडीवर ताडपत्री टाकून खाली बल्ब लावून ठेवा.

तात्या आता शेतावर जात नाहीत. होडी परवा त्यांचा पोरगा घेऊन आला. उजव्या बाजूला, मोटार घासते तिथं, हातभर पट्टी झिजलीय. ती काढून नवी बसवायचं काम चालू आहे, जूनच्या आत द्यायची आहे.