टाके सुटले की आधी सुई पाहा

आज शेजारच्या काकूची शिलाई मशीन घेऊन बसली होती, त्या म्हणे टाके सुटून रायले, मिस्त्रीले बोलावू का. म्हटलं थांबा काकू, आधी सुई पाहू द्या. जुन्या जीन्सची कापूस वेचाची झोळी शिवाले घेतलेली अन सुई ११ नंबरची! ती पातळ कापडाची नं बाप्पा, साध्या सुती कापडाले १४ अन जीन्सले १६ पाह्यजे, नाहीतर जाड घडीत सुई वाकते अन खालचा हुक दोरा पकडतच नाही. नवी सुई पार वरपर्यंत ढकलली, चपटी बाजू दोरा जिकून ओवतो त्याच्या उलट्या अंगाले, स्क्रू कसला, अन काय सांगू, टाका कसा एकसारखा पडला! शिवण जाड आली की पायानं जोर नाही लावाचा, हातानं चाक फिरवत एकेक टाका घ्याचा.

अजून एक, खालून दोऱ्याचे गुच्छे आले की सगळ्या बॉबिनच्याच (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या) मागं लागते, पण बहुतेक वेळा वरचा दोराच टेन्शनच्या चकत्यांत (दोरा ताणून धरते त्या) बसला नसते. कापड दाबून धरते तो सुईजवळचा फूट वर उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा.

काकूची झोळी झाली, आता जाऊबाईचीही शिवून मागून रायल्या. मले तर लय आवडते असं काम.