तुम्ही विचारलंत म्हणून: गणित सापडतं की घडवलं जातं?

मी गणित शिकवते हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला मुलाच्या मार्कांचा. दुसरा जरा ओळख वाढल्यावर येतो: "मॅडम, हे गणित निसर्गात आधीपासून होतंच आणि माणसाला ते सापडलं, की माणसानंच ते तयार केलं?" दहावीची मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात. मध्यंतरी डोंबिवलीहून येताना शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, आणि मी बोलायला लागेपर्यंत दादर आलं. ते उत्तर सविस्तर द्यायचं राहून गेलं होतं.

माझं मत असं आहे. काय मोजायचं, कशाने मोजायचं, ते कसं लिहायचं आणि कुठला प्रश्न विचारायचा, हे माणूस ठरवतो. एकदा हे ठरलं की पुढे उत्तर काय येणार यावर त्याचा काडीचाही अधिकार उरत नाही. पहिल्या भागाला मी निर्मिती म्हणते, दुसऱ्याला शोध. दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेले असतात की उदाहरण हातात घेऊन सोडवल्याशिवाय ते वेगळे दिसत नाहीत.

मुंबईकराला पहिलं उदाहरण समुद्रच देतो. पावसाळ्यात पेपरात भरतीच्या वेळा येतात, साडेचार मीटरच्या वरची भरती असली की महापालिका इशारा देते. पण या छापील वेळांच्या कितीतरी आधीपासून आपल्या कोळीवाड्यांत आणि सगळ्या कोकणपट्टीत एक हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. माझ्या एका वर्सोव्याच्या विद्यार्थिनीचे आजोबा पंचांगावर नजर टाकून "आज षष्ठी, साडेचारला भरती" असं सांगायचे. त्यांच्या पिढीला पाऊणकी तोंडपाठ असे. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. शाळेत परवचा म्हणताना घोकलेला हा पाढा थेट समुद्राला लावायचा.

आता हा हिशेब जरा उलगडून बघू. एका चांद्रमासात तिथी तीस, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ सरकत सरकत घड्याळाचे पूर्ण चोवीस तास फिरून येते. म्हणजे एका तिथीला सरासरी ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटं मागे राहतात आणि पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाची तूट पडते. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, मुंबईत भरती असते बाराच्या सुमारास. पुढच्या प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात होते, म्हणून ती तूट साचत जात नाही. शिवाय ही वेळ रोज सारखी सरकतही नाही. चंद्राच्या जोडीला सूर्यही पाणी ओढतो, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती कमी सरकते आणि अष्टमीच्या सुमारास जास्त.

यात माणसाचं काय? तिथी माणसाची, तास माणसाचा, आणि पाऊणही माणसाचीच. खरा अपूर्णांक चार पंचमांश आहे, पण चार पंचमांशाचा पाढा कुणी पाठ करत नव्हतं, पाऊणकी मात्र प्रत्येकाच्या जिभेवर होती. माझ्या मते म्हणूनच पाऊण निवडली गेली. होडी बाहेर काढायला तेवढं पुरतं. पण ती तीन मिनिटं कुणी ठरवली? चंद्राच्या फेरीने. दिवसाचे चोवीस तासांऐवजी साठ घटका असे भाग केले तरी फरक तेवढाच राहील, फक्त वेगळ्या आकड्यात लिहिला जाईल.

यावर लगेच म्हटलं जातं की हे चंद्राचं झालं, खगोलशास्त्राचं झालं. निव्वळ आकड्यांच्या गणितात निसर्ग कुठे असतो? तिथे तर सगळे नियम आपलेच. मग शून्याकडे बघा. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम दिले, आणि ते आजही तसेच्या तसे चालतात. त्याने शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, असंही सांगितलं. ते टिकलं नाही. का टिकलं नाही हे आठवीच्या मुलाला पाटीवर दाखवता येतं: शून्य छेद शून्य आणि एक छेद एक यांची तिरकस गुणाकाराने बेरीज करा. वर शून्य येतं, खालीही शून्य येतं, म्हणजे पुन्हा शून्य छेद शून्य. ते जर शून्य असेल तर शून्य अधिक एक बरोबर शून्य झालं. ब्रह्मगुप्ताएवढ्या मोठ्या माणसाने घातलेला नियमही बाकीच्या नियमांनी आत घेतला नाही. स्वतः रचलेल्या वस्तूने रचणाऱ्याला असा नकार द्यावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

डोंबिवलीचा विषय निघाला आहे तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं सांगायलाच हवं. १९०५ साली डहाणूला जन्मले, देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी केली आणि आयुष्यभर आकड्यांच्या मागे राहिले. त्यांचा ६१७४, म्हणजे कापरेकर स्थिरांक, बऱ्याच जणांना माहीत असतो. मला त्यांच्या डेमलो संख्या जास्त आवडतात. हे नाव स्टेशनाचं आहे: जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली. ज्या फलाटावर आज पाय ठेवायला जागा नसते तिथे कुणी उभं राहून आकड्यांचा विचार केला होता, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगते.

त्यांतल्या सगळ्यात देखण्या संख्या अशा. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. का, ते बघायला १११ गुणिले १११ वहीत मांडा. एकाखाली एक तीन ओळी येतात, तिन्हींत १११, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभे रकाने मोजा: एका रकान्यात एक, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग दोन, मग एक. उत्तर म्हणजे त्या रकान्यांतल्या एकांची मोजदाद, बाकी काही नाही. नऊ वेळा एक लिहून वर्ग केलात तर १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, आणि पोरं हरखून जातात. मग मी दहा एक घ्यायला लावते. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, हातचा येतो, आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ कुठे गेला म्हणून वर्गात गोंधळ उडतो.

या गोंधळाच्या वेळी मी मूळ प्रश्न त्यांच्यासमोर ठेवते. एक, दोन, तीन अशी चढत-उतरत जाणारी ही शिडी दहाव्या पायरीला का मोडली? कारण आपण दहाच्या पद्धतीत लिहितो, बहुधा हाताला दहा बोटं आहेत म्हणून. बाराच्या पद्धतीत लिहिणारे लोक असते तर ती अकरा एकांपर्यंत टिकली असती आणि बाराव्याला मोडली असती. म्हणजे शिडी कुठे मोडणार हे बोटांवर ठरलं. पण ती मोडणारच, आणि बरोबर त्याच पायरीला, हे ना कापरेकरांनी ठरवलं ना आणखी कुणी. रकान्यात एक, दोन, तीन असे एक साचत जाणं लिपीच्या आधीचं आहे.

आणखी एक उदाहरण कवितेतलं आहे. आपल्या छंदशास्त्रात लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. हा संकेत माणसाचा, आणि तोही अगदी आपल्याकडचा. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? चारही लघु, दोन लघु आणि एक गुरू, हे तीन तऱ्हांनी, किंवा दोन गुरू. एकूण पाच. पाच मात्रांचे प्रकार आठ. सहा मात्रांचे? शेवटचं अक्षर लघु असेल तर आधी पाच मात्रा उरतात, गुरू असेल तर चार; आठ आणि पाच तेरा. जुना छंदशास्त्रकार विरहांक याला ही मोजणी ठाऊक होती, आणि जैन आचार्य हेमचंद्राने ११५० च्या सुमारास ती मांडली. इटलीत फिबोनाचीने १२०२ साली सशांच्या जोड्यांचं गणित घालून हीच माळ दिली आणि नाव त्याचं लागलं.

आता दादर स्टेशनबाहेर अननसवाला फळ सोलतो तेव्हा दोन मिनिटं थांबा. साल उतरवल्यावर डोळे काढताना त्याची सुरी तिरक्या रांगेने फिरत फिरत खाली येते, कारण डोळे तशाच रांगांत बसलेले असतात. रांगा मोजल्यात तर एका बाजूला झुकणाऱ्या बहुधा आठ निघतात, उलट बाजूच्या तेरा. अननसाला मोजता येत नाही. वाढत्या शेंड्यावर नवा कोंब आधीच्या कोंबांपासून जास्तीत जास्त मोकळ्या जागी फुटतो, दर वेळी साधारण १३७.५ अंश वळून, आणि त्या गर्दीतून रांगांची संख्या आपोआप आठ-तेरावर येते. लघु-गुरूचा संकेत कुणी केलाच नसता तरी या रांगा एवढ्याच असत्या. छंद माणसाने रचला. त्याच्या पोटातून निघालेली माळ मात्र फळावर आधीच होती.

माझे एक सहकारी हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते गणित हे बुद्धिबळासारखं: नियम आपण केले, त्यातून डाव निघतात, आणि निसर्गाला जुळतात तेवढेच डाव आपण लक्षात ठेवतो. यात तथ्य आहे. न जुळणारं गणितही ढिगाने असतं आणि त्याची उदाहरणं कुणी देत नाही. पण मग काल्पनिक संख्यांचं काय? सोळाव्या शतकात इटलीत समीकरणं सोडवताना ऋण संख्येचं वर्गमूळ पुढे आलं. कार्दानोला १५४५ साली ते निरुपयोगी वाटलं, बोम्बेल्लीने १५७२ मध्ये त्याचे नियम बसवले. तेव्हा निसर्गाशी जुळवून बघायला काही नव्हतंच. १९२६ साली भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने अणूतल्या इलेक्ट्रॉनचं समीकरण लिहिलं, आणि त्यात तीच संख्या आली. हत्तीच्या एका चालीसाठी चौकोन आखावेत आणि साडेतीनशे वर्षांनी अणू त्याच चौकोनांवर चालताना दिसावा, असं बुद्धिबळात होत नाही.

एका ठिकाणी मात्र माझं म्हणणं अडतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. जर्मन गणितज्ञ कॅन्टरने १८७४ साली दाखवलं की अनंतसुद्धा लहान-मोठे असतात: रेषेवरचे बिंदू एक, दोन, तीन या संख्यांपेक्षा जास्त आहेत. मग या दोन अनंतांच्या मधे तिसरं एखादं आहे का? १९४० मध्ये तर्कशास्त्रज्ञ गोडेलने सिद्ध केलं की आपल्या नेहमीच्या गृहीतकांवरून 'मधे काही नाही' हे खोडता येणार नाही, आणि १९६३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ कोहेनने सिद्ध केलं की ते सिद्धही करता येणार नाही. तिसरं अनंत आहे म्हणा किंवा नाही म्हणा, गणित दोन्हीकडे तेवढंच सुसंगत चालतं. इथे शून्यासारखा नकार मिळत नाही, भरतीसारखी तीन मिनिटं खटकत नाहीत. काही गणितज्ञ म्हणतात की योग्य गृहीतक अजून सापडायचं आहे; काही म्हणतात की सापडण्यासारखं तिथे काही नाही, हवं ते निवडा. पहिल्यांचं खरं ठरावं अशी माझी इच्छा आहे. पण इच्छेला सिद्धता म्हणू नये, हे मीच वर्गात शिकवते, म्हणून या एका प्रश्नापुरतं माझं उत्तर अजून व्हायचं आहे.