नांगी नसलेली गांधीलमाशी

पानशेतच्या वाटेवर मामांचे छोटे शेत आहे. भाद्रपदात पुण्याहून तिथे गेलो, की बांधावरच्या एकदांडीपाशी माझा तासभर सहज जातो. या वर्षी तिथल्या एका फुलावर काळीभोर, पोटावर दोन पिवळे पट्टे मिरवणारी गांधीलमाशी बसली होती. मी वाकलो, तशा मागून मामी ओरडल्या, "अरे, हात मागे घे, डसेल!" मी निमूटपणे हात मागे घेतला, लहानपणी डसलेल्या जागी लोखंड घासत बसल्याची आठवण माझी कातडी अजून विसरलेली नाही.

ती मात्र हलेना. गांधीलमाशी बसली, की पंख लांबीला दुमडून घेते. हिने ते विमानासारखे पसरले होते. कंबर म्हणावी तर नव्हतीच. पंखांत जागोजागी खवले नसल्यामुळे काचेच्या तावदानांसारख्या खिडक्या पडल्या होत्या आणि तोंडातून घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली बारीक सोंड उलगडत होती. हा तर पतंग होता, तोही भर दिवसा हिंडणारा! याच्या एका भाऊबंदाच्या अळ्या चंदनाची पाने फस्त करतात, त्यामुळे शेतीच्या पुस्तकात या घराण्याची नोंद झालीच तर किडींच्या पानावर होते.

निरुपद्रवी जिवाने उपद्रवी जिवाचे रूप घ्यावे आणि त्या धाकावर जगावे, हे हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने 1862 मध्ये अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून मांडले. त्यासाठी त्याने त्या जंगलात 11 वर्षे काढली होती. मला बांधावर फसायला एक क्षण पुरला. अर्थात या पतंगांच्या काही जाती स्वतःही बेचव असतात, म्हणजे सगळेच निव्वळ सोंगाडे नव्हेत.

एकदांडीचे जे एक फूल आपल्याला दिसते, ती खरे तर चिमुकल्या नळीदार फुलांची दाटीवाटीची वसाहत असते, आणि हा पतंग त्या वसाहतीवर उभा राहून घरोघरी सोंड घालत सावकाश सरकत होता. फुलावर बसणे वेगळे आणि पराग नेणे वेगळे, म्हणून मी भिंग काढून पाहिले, तर पायांना आणि पोटाखालच्या खवल्यांना पिवळी धूळ चिकटलेली होती. मधमाशी पराग मुद्दाम गोळा करून पिल्लांसाठी नेते. याला त्याचे काहीच सोयरसुतक नाही, मध पिताना अंगाला लागले ते पुढच्या फुलावर सांडले, इतकेच. तरीही परागीभवनाचे बोलणे निघाले, की आपण मधमाशीचे नाव घेतो आणि हा गांधीलमाशी समजून हाकलला जातो. त्याचे सोंग त्याच्या जिवाला जितके लाभते, तितकेच त्याच्या नावलौकिकाच्या आड येते.

मामींना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं उगाच पदर झटकला म्हणायचा!"

हे सोंग वेड्या राघूपुढे, म्हणजे माश्या टिपून खाणाऱ्या त्या छोट्या हिरव्या पक्ष्यापुढे, कितपत टिकत असेल, याची मात्र मला शंका आहे, कारण त्याला गांधीलमाशीचे भय नाही; ती फांदीवर घासून, नांगी निकामी करून तो आवडीने गिळतो. परतताना विजेच्या तारेवर एक राघू काहीतरी काळे-पिवळे आपटत होता. खरी होती की सोंग, ते खालून कळेना.