तुम्ही विचारलंत म्हणून: लेझर का नाही?

तापलेल्या टोकाच्या पेनाने लाकडावर डागून मी नाताळाच्या चांदण्या, गोठे, नावांच्या चकत्या करते. डिसेंबर लागला की बाजारात, घरात, फोनवर एकच प्रश्न येतो. "एकेक चांदणी हाताने डागत काय बसता? लेझरवर काढून आणा, तासाभरात ढीग होईल." नणंद विचारते, गिऱ्हाईक विचारतं, वेंगुर्ल्याच्या बाजारात शेजारी बसणारा भाजीवालाही विचारतो. आजवर "बघू" म्हणून वेळ मारून नेली. यंदा नीट सांगते.

लेझर मी करून पाहिलंय. 2019च्या नाताळाला साठ तारे एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळीवर, कापून आणले होते. रेषा सुरेख होत्या, वीस मिनिटांत काम झालं आणि सगळे खपले. पुढच्या पावसात त्यातले बरेच फुगले, काहींच्या कडा पापडासारख्या सुटल्या. दोघीजणी परत घेऊन आल्या, मी पैसे दिले. दोष एमडीएफचा होता, लेझरचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी पुढची दोन वर्षं सगळ्यांना मी "लेझरचं टिकत नाही" असंच सांगत होते. ते खोटं होतं.

हाताने करण्याची माझी कारणं वेगळी आहेत. लाकूड सगळीकडे सारखं जळत नाही. शिवणीच्या लाकडावर पेन लोण्यासारखं चालतं. फणसाच्या पिवळ्या गाभ्यात आणि बाहेरच्या पांढऱ्या भागात एकाच टोकाने एकाच वेगाने दोन वेगळे रंग उठतात. लाकडाच्या वाढीची जी वळी असतात, त्यातल्या मऊ वळ्यात टोक खोल घुसतं, कठीण वळ्यावर अडखळतं, तिथे हात हलका करावा लागतो. साग तेलकट, त्याचा धूर घशाला लागतो. करवंटीवर टोक घसरतं, म्हणून आधी पॉलिश पेपरने तिची तुकतुकी काढायची आणि मग ठिपक्या-ठिपक्यांनी तारा उठवायचा. लेझरवाला वेग आणि ताकद कमी-जास्त करू शकतो, नाही असं नाही. पण चकतीगणिक तो ते कशाला करेल?

आणि मला काय करायचं असतं, तेही सांगते. येशूजन्माच्या गोठ्यावर बर्फ मला नको असतो. माडाची सुकलेली पोय, म्हणजे फुलोऱ्यावरचं होडीसारखं आवरण, उलटी धरली की छान छप्पर होतं, सुलटी ठेवली की बाळाचा पाळणा. पाळण्याच्या कडेने मी वेलाची बारीक नक्षी डागते. मेंढ्यांबरोबर एक आपली गाय, एक होडी, रापणीचं जाळं ओढणारी दोन माणसं असतात. हे सगळं हाताने काढता काढता सुचतं. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं लाकूड यांना पेन लावू नका. त्यातला डिंक आणि रंग जळून जो धूर होतो तो छातीत जातो. काजूच्या टरफलाला तर अजिबात नको. त्यातल्या तेलाने कातडी भाजते.

इथवरचं सगळं मी कुणालाही सांगते. पुढचं फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मे 2021च्या तौक्ते वादळात शेजारच्या आंटीच्या परड्यातला फणस पडला. अंकलनी लग्नाच्या वर्षी लावलेला. अंकल जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आंटीने फांद्यांचे गोल काप काढून ठेवले आणि म्हणाली, नाताळाच्या झाडाला घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एकेक चकती कर. मी त्या वर्षी नाही म्हटलं. ओली चकती सुकताना वळ्यांच्या दिशेने जास्त आकसते, मध्यापासून कडेकडे कमी, म्हणून कडेपासून मध्यापर्यंत चीर जाते. सावलीत, पोत्याखाली, दीड वर्ष ठेवल्या. चाळीसातल्या एकोणीस धड राहिल्या.

अंकलची चकती आंटीने स्वतः निवडली. हाताच्या पंजाएवढी, साल भोवताली अखंड. सगळी नावं तिने वहीच्या कागदावर लिहून दिली होती. नातवंडांची झाली, सुनांची झाली, अंकलचं शेवटी घेतलं. रात्र होती, सवय झाली होती, मी कागद न बघता लिहिलं. त्यांच्या नावातली वेलांटी दीर्घ, मी ऱ्हस्व काढली. ओळखीतला दुसरा एकजण तेच नाव ऱ्हस्व लिहितो, तेच हातात बसलेलं. शेवटच्या अक्षराला आल्यावर कागदाकडे नजर गेली.

पेन्सिलीचं असतं तर पुसलं असतं. ऱ्हस्वाची रेघ अक्षराच्या डावीकडे, दीर्घाची उजवीकडे. म्हणजे नुसती भर घालून भागत नाही, डावीकडची रेघ जायला हवी. मी पॉलिश पेपर घेतला. घासत गेले, घासत गेले. वरचा काळा गेला, खाली तपकिरी सावली राहिली. अजून घासलं तर खळगा पडला आणि सावली तशीच. माझा हात अडखळला होता त्या जागी पेन थांबलं होतं, तिथे जळण खोल गेलं होतं.

सकाळी तशीच नेऊन दिली. आंटीने खिडकीशी नेऊन बघितली. "ह्यां तेचां नाव न्हय गो," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, दुसरी चकती घेऊन करून देते. तिने ती कागदात गुंडाळून ठेवली, पैसे मोजून दिले, नेवऱ्यांचा डबा दिला.

आता तुम्हीच सांगा, लेझरवाल्याकडे गेले असते तर? तो आधी स्क्रीनवर दाखवतो, "बघून घ्या, मग चालू करतो" म्हणतो. आंटीने तिथेच बोट ठेवलं असतं. हाताच्या कामाचं जे मी एवढं सांगते, त्या हातानेच हे केलं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हापासून नाव आधी कागदावर, घरच्या माणसाची सही, मग कार्बनने उमटवून मगच पेन. एवढीच सुधारणा. तरीही आंटीच्या एकोणीस चकत्या मी मशीनला दिल्या असत्या का? नसत्या. का, ते मला अजून धड सांगता येत नाही.

2023च्या नाताळाला त्यांच्याकडे गेले तेव्हा ती चकती झाडाला होती. पाठ पुढे करून टांगलेली. पाठीवर निळ्या बॉलपेनने, आंटीच्या थरथरत्या अक्षरात, अंकलचं नाव. दीर्घ वेलांटी.

त्या फणसाच्या दोन चकत्या माझ्या माळ्यावर अजून आहेत, कडेला थोडी चीर असलेल्या. मी दर डिसेंबरला विचारते, करून देऊ का. ती म्हणते, "बघूया."